छापून आलं होतं

दीपमाला आंबवड्याची लेक. तिची बारावी झाली त्या उन्हाळ्यात तिची आत्या अक्काबाई गुंजवण्याहून माहेरी आली आणि चहा पिता पिता भावाला म्हणाली, "तुझी दीपा माझ्या रतनला दे आन् माझी माया तुझ्या थोरल्याला कर. घरातल्या पोरी घरातच ऱ्हातील." भावालाही तेच हवं होतं. एका मांडवात दोन्ही जोडप्यांनी वंदना घेतली, एकाच पंगतीत दोन्ही लग्नांचं जेवण उठलं. दीपमाला गुंजवण्याला गेली, माया आंबवड्याला आली. दोघी एकमेकींच्या नणंदाही आणि भावजयाही. असं साटंलोटं त्या मुलखात काही नवं नव्हतं.

गुंजवण्याची भातखाचरं धरणात गेली तेव्हा रतनने मिळालेल्या पैशांतून टेम्पो घेतला आणि बिऱ्हाड भोरला हलवलं. एसटी स्टँडासमोरच्या गल्लीत दीपमालाने झेरॉक्सचं दुकान टाकलं. सातबारा, आधार, दाखले, कॉलेजच्या पोरांच्या नोट्स, दिवसभर हेच. पुढे एक संगणक आला आणि ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं कामही ती शिकली. दुकानात बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली बुद्धाची, आणि तिच्याखाली एका खोक्यात बसून बडबड करणारा तिचा लेक अभिषेक.

अभिषेकला बोलायला लागायचं. गिऱ्हाईक आलं की आधी तो विचारायचा, "कुठल्या गावचे? टेम्पो आहे का तुमच्याकडं?" नाही म्हटलं की त्याला त्या माणसाची दया यायची. "आमच्या पप्पांचा देतो," असं सांगून तो मोकळा व्हायचा. वेल्ह्याकडून आलेली म्हातारी माणसं त्याच्यासाठी करवंदं आणायची.

पाचवं लागलं आणि त्याला ताप आला. साधा, पावसाळ्यात येतो तसा. ताप उतरला, पण पोरगं झोपेतून नीट उठेना. उठलं तर चालताना पाय ताठ पडायचे. तोंडातून लाळ गळायची. आणि मग त्याची जीभ जड झाली. जे पोरगं गल्लीला पुरून उरायचं, ते "मम्मी" म्हणतानासुद्धा थांबायला लागलं. भोरच्या शेटे डॉक्टरांनी लगेच पुण्याला न्यायला सांगितलं. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात मेंदूज्वर म्हणाले, मग म्हणाले मेंदूज्वर नाही, मग म्हणाले बघू.

तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होती. बाकीचे फेरी मारून जायचे, ही मात्र अभिषेकच्या कॉटवर बसून राहायची. तिने त्याचं रक्त घेतलं, दीपमालाचं आणि रतनचंही घेतलं. "हा आजार कशाचा आहे ते शोधायचा प्रयत्न करतोय," ती म्हणाली. "वेळ लागेल. काही कळलं तर तुम्हाला कळवीन." जाताना दीपमालाच्या मांडीवरच्या तान्ह्या लेकीच्या, प्रेरणाच्या पायाला हात लावून गेली. घरचा पत्ता म्हणून रतनने सवयीने गुंजवण्याचाच दिला.

अभिषेक गेला तेव्हा पहाट होत होती. कापूरहोळच्या फाट्यावर गाडी वळली तेव्हा धाब्यांवर चहाच्या शेगड्या पेटत होत्या, माणसं हसत होती, आणि दीपमालाला वाटलं, ह्यांना कुणी सांगितलं नाही वाटतं.

त्यानंतर प्रेरणामुळे ती जगली. म्हणजे स्वयंपाक केला, दुकान उघडलं, लोकांशी बोलली. प्रेरणा भावासारखी बडबडी नव्हती. ती गाणारी होती. विहारात वंदना सुरू झाली की शब्द येत नसतानाही सूर धरून बसायची, आणि वंदना संपली तरी हिचं चालूच. मशीनचा पट्टा फिरायला लागला की त्याच्या घरघरीवरही ती काहीतरी गुणगुणायची. अक्काबाई म्हणायची, "ही आजीवर गेली." म्हातारीला स्वतःला काही गाता येत नव्हतं, पण असं म्हणायला तिला कुणी अडवत नव्हतं.

चौथ्या वर्षी श्रावणात प्रेरणाला ताप आला.

तेव्हाचं दीपमाला पुढे कुणाला सांगताना फक्त एवढंच सांगते, "मला पयल्या दिशीच कळलं." ताप उतरला तशी ती पोरीला पुन्हापुन्हा उठवत राहिली, तिला गायला लावत राहिली. पोरगी आईचं मन राखायला सुरुवात करायची आणि अर्ध्यावर पेंगायची. तिसऱ्या दिवशी सूर राहिला, शब्द गेले. शेटे डॉक्टरांनी हातातली सगळी कामं टाकली. पुण्याला फोन केले, स्वतः संगणकावर बसून राहिले, पुण्याच्या गाडीत स्वतः शेजारी बसून गेले. ती तरुण डॉक्टरीणबाई आता तिथे नव्हती, परदेशी गेली होती. नव्या डॉक्टरांनी पहिल्यापासून सुरुवात केली. मेंदूज्वर म्हणाले. पंधरवड्यात प्रेरणाही गेली.

आंबवड्याची माया तेव्हा पोटुशी होती. पोटुशीने मयताला येऊ नये म्हणून बायकांनी तिला उंबऱ्यातच थांबवलं. ती तिथेच भिंतीला टेकून रडली.

दुकान काही महिने बंद राहिलं. मग रतननेच एक दिवस शटर वर केलं, पुसून काढलं आणि म्हणाला, "बस जरा. घरात बसून भिंती खातील तुला." ती बसली. गिऱ्हाईक नसलं की समोर संगणक असायचा. अभिषेकच्या दवाखान्याची पिशवी तिने जपून ठेवली होती. तिच्यातल्या एका कागदावर त्या डॉक्टरीणबाईचं नाव होतं. एका दुपारी तिने ते नाव संगणकात टाकलं.

तिला खरं तर बाईंचा फोन नंबर हवा होता. प्रेरणा गेल्याचं सांगावं, एवढंच मनात होतं. आला तो एका परदेशी मासिकातल्या लेखाचा मथळा. इंग्रजी मथळा तिने बोट ठेवून वाचला. आजाराचं लांबलचक नाव कळलं नाही, पण खाली चार ओळींचा सारांश होता, त्यात पश्चिम भारतातल्या खेड्यातला पाच वर्षांचा मुलगा होता, ताप होता, झोप होती, जड झालेली जीभ होती. आईबाप एकमेकांच्या नात्यातले, असंही होतं. तिने तारीख पाहिली. प्रेरणा तेव्हा जिवंत होती. विहारात बसून गात होती.

पुढचं वाचायला तिने बटण दाबलं. पान उघडलं नाही. वर्गणीदार संस्थांसाठीच, नाहीतर डॉलर भरा, तेही एका दिवसाच्या वाचनासाठी. तिने पुन्हा दाबलं. बाहेर कुणीतरी आधारकार्ड घेऊन उभं होतं, "ताई, दोन काढा" म्हणत होतं. तिने दोन काढून दिले आणि परत येऊन पुन्हा दाबलं. आपल्याच पोराबद्दल चार ओळी बाहेर होत्या आणि बाकीचं पोरगं आत होतं, असं तिला वाटलं. त्या रकमेला ती मागे हटली नसती, पण तिथे लागणारं कार्ड भोरात कुणाकडे नव्हतं.

लेखाखाली बाईंचा ईमेल होता. तिने मराठीतच लिहिलं. मी अभिषेकची आई. तुम्ही लिहिलेलं मला वाचायचंय. खाली मोबाईल नंबर. एवढंच. प्रेरणाचं लिहायला हात गेला नाही.

बरेच दिवस काही आलं नाही. मग एका सकाळी मोबाईलवर परदेशी नंबर वाजला.

"दीपमालाताई? मी बोलतेय, अभिषेकची डॉक्टर. तुमचा मेल आज पाहिला. मला किती आनंद झाला म्हणून सांगू. मी तुम्हाला फोन केला होता हो तेव्हा, लागला नाही. पत्र पाठवलं तेही परत आलं." बाई भरभर बोलत होत्या, मनापासून बोलत होत्या. "आणि ती छोटी कशी आहे? प्रेरणा ना? आता शाळेत जात असेल."

दीपमालाने मशीन बंद केलं.

"ती गेली, बाई."

"काय? केव्हा?"

"मागल्या श्रावणात. अभिषेकवानीच झालं. आधी ताप, मंग झोप, मंग जीभ जड."

"गोळ्या दिल्या नाहीत का?" बाईंचा आवाज अगदी बारीक झाला होता. "कुणीच गोळ्या दिल्या नाहीत?"

"कसल्या गोळ्या?"

मग थांबत थांबत त्यांनी सांगितलं. अभिषेकच्या रक्तात दोष सापडला होता. आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन दोष एकत्र आले की पोराच्या मेंदूला एक जीवनसत्त्व पोचत नाही, आणि ताप आला की मेंदू एकदम उपाशी पडतो. तेच जीवनसत्त्व आणि त्याच्या जोडीचं एक, असे दोन्ही भरपूर दिले की पोर उठून बसतं. आयुष्यभर गोळ्या घ्यायच्या, बाकी काही नाही. साध्या गोळ्या. त्यातली एक तर बायका केस गळू नयेत म्हणून घेतात.

"औषधाच्या दुकानात मिळती का?"

"मिळते, ताई."

"आमच्या भोरात?"

"कुठंही मिळते."

दीपमाला स्टुलावर बसली होती ती खाली फरशीवर बसली.

"आम्ही छापलं होतं," बाई म्हणाल्या. त्या रडत होत्या. "तुमचा पत्ता लागेना तेव्हा मला वाटलं, छापून आलं की सगळ्या डॉक्टरांना कळेल. तुम्ही कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी तिथं कुणीतरी वाचलेलं असेल. सगळ्या जगासाठी छापलं होतं, ताई."

"व्हय," दीपमाला म्हणाली. "पर आमी कुठं वाचायचं वो, बाई?"

बाई म्हणाल्या, सगळा लेख पाठवते. खरं म्हणजे असा कुणालाही पाठवायची मुभा नाही, छापतानाच हक्क मासिकाला लिहून द्यावे लागतात. दीपमालाला ते कळेना. "लिव्हलंय तुमीच ना?" "हो." "आन् रगत अभिषेकचं." "हो, ताई." "मंग त्यांचं काय हाये त्यात?" बाई म्हणाल्या, "मी पाठवते." आणि पाठवला.

तो तिने छापून काढला आणि शेटे डॉक्टरांकडे नेला. त्यांनी तिला आपल्या शेजारी बसवून एकेक परिच्छेद मराठीत सांगितला. अभिषेक तिथे 'रुग्ण क्रमांक एक' होता. त्याच्या मेंदूचं चित्र होतं. शेवटी लिहिलं होतं की या कुटुंबात पुढे मूल आजारी पडल्यास तपासणीची वाट न पाहता गोळ्या सुरू कराव्यात. डॉक्टर तिथे थांबले. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दीपमाला, तुला एक सांगायला पाहिजे," ते म्हणाले. "प्रेरणा आजारी होती त्या आठवड्यात मी शोधलं होतं. हेच पान माझ्यासमोर आलं होतं. मथळा बघून मला वाटलं, हे असू शकेल. पुढचं उघडेना. पुण्याच्या माझ्या दोन मित्रांना विचारलं, त्यांच्या दवाखान्यांतही ते मासिक येत नव्हतं. एकजण म्हणाला, मुंबईहून मागवून देतो. ते आलं तेव्हा ती..."

दीपमालाला त्यांचा राग आला नाही. त्या गाडीत मागच्या सीटवर पोरीचं डोकं मांडीवर धरून बसलेले डॉक्टर तिला आठवत होते. राग कुणावर करायचा हेच तिला समजत नव्हतं. बाई वाईट नव्हत्या, डॉक्टर वाईट नव्हते. उत्तर होतं, ते चांगल्या माणसांनी शोधलं होतं, चांगल्या माणसांना हवं होतं, आणि मधल्या मधे तिची लेक गेली होती.

घरी सांगितलं तेव्हा रतन टेम्पोची किल्ली घेऊन बाहेर पडला आणि अंधार पडल्यावर परत आला. कुठे गेला होता ते तिने विचारलं नाही. अक्काबाईने मात्र आईकडून एक, बापाकडून एक, एवढंच नेमकं पकडलं. "म्हंजी म्या घरातल्या घरात गाठ मारली म्हनून," ती म्हणाली.

"आत्या, तसं न्हाई."

"मंग कसं? दोनी घरचं येकच रगत. म्याच घातलं त्यांच्या अंगात."

त्यानंतर म्हातारीचं जेवण तुटलं. दीपमाला तिला भरवायला बसायची, समजूत घालायची, आणि समजूत घालताना तिच्या मनात यायचं, माझी समजूत कोण घालणार. पण अक्काबाईच्या बोलण्याने एक झालं. दीपमाला चमकून उठली. एका रक्ताच्या जोड्या दोन होत्या. आंबवड्यालाही एक होती.

मायाचा सम्राट तेव्हा नुकता पावलं टाकायला आणि एखाददुसरा शब्द बोलायला लागला होता. दीपमालाने त्याच दिवशी तिकडे जाऊन भावाला आणि मायाला सगळं समजावलं, शेटे डॉक्टरांशी बोलणं करून दिलं, तपासणीसाठी तिघांचं रक्त पाठवलं आणि गोळ्यांच्या बाटल्या मायाच्या हातात दिल्या. तपासणीचं उत्तर यायच्या आधीच सम्राटला ताप आला. दुसऱ्या दिवशी तो पेंगायला लागला. मायाने फोन केला तेव्हा तिला धड बोलता येत नव्हतं.

दीपमाला पोचली तेव्हा शेटे डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं औषध पोटात गेलेलं होतं. पोर मायाच्या मांडीवर मऊ पडलं होतं. तिने ते घेतलं. हे वजन तिच्या हातांना ओळखीचं होतं. डोकं कोपराला कसं येतं, पाय कसे ताठ लागतात, सगळं. ती त्याला घेऊन बसून राहिली. माया म्हणाली, "वैनी, बोला ना कायतरी." ती पोराच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आलं तेव्हा सम्राटने डोळे उघडले, आजूबाजूला बघितलं आणि पाणी मागितलं. नीट, स्पष्ट मागितलं. माया हुंदके देत त्याला पाणी पाजू लागली. तिच्या नवऱ्याने दाराशी बसून तोंड झाकून घेतलं. दीपमाला उठली, परसदारी गेली, गोठ्याच्या भिंतीला धरून उभी राहिली आणि तिथे तिचा जो आवाज निघाला तो ऐकून शेजारच्या सगुणाबाईला वाटलं, पोर गेलं. ती धावत आली. "काय झालं गं?"

"उठला," दीपमाला म्हणाली. "गोळ्यांनी उठला."

सगुणाबाईला कळेना की मग ही अशी का रडते. तिला कसं सांगणार. तोवर मनाच्या एका कोपऱ्यात दीपमालाला वाटत होतं, कदाचित गोळ्यांनीही झालं नसतं. कदाचित प्रेरणा तरीही गेली असती. तेवढा एक आडोसा होता, तोही गेला.

मायाला ते कळलं होतं. नंतर बरेच दिवस ती सम्राटला घेऊन भोरला आली नाही. बाजाराला आली तर एकटी यायची, पोर घरी ठेवून. एकदा दीपमालाच म्हणाली, "त्याला का आनत न्हाईस?" माया म्हणाली, "वैनी, तुमाला तरास हुईल." दीपमाला म्हणाली, "व्हतो. तरी आन."

मग तिने तो लेख मराठीत करायला घेतला. वेल्ह्याच्या, आंबवड्याच्या, वरच्या वाड्यांच्या दवाखान्यांत लावावा, आशाताईंना द्यावा. बाईंनी फोनवर सांगितलं, जसाच्या तसा मराठीत करायलाही मासिकाची परवानगी लागेल. दीपमालाने परवानगी मागितली. उत्तरादाखल प्रश्न आले, किती प्रती, कोणत्या देशात, कोणत्या व्यावसायिक कारणासाठी. शेटे डॉक्टर म्हणाले, "सोड ते. हक्क त्यांच्या शब्दांवर आहे, आजारावर नाही. तू बघितलंस ते तुझ्या शब्दांत लिही."

तिने लिहिलं. ताप उतरल्यावर पोर नीट उठत नसेल तर. चालताना पाय ताठ पडत असतील तर. गाता गाता शब्द विसरत असेल तर. एवढं लिहायला तिला महिना गेला, कारण प्रत्येक ओळ लिहिताना ती पोरं पुन्हा तिच्यासमोर आजारी पडायची. वर तिने दोघांची नावं घातली, अभिषेक आणि प्रेरणा. बाईंच्या लेखात ती नव्हती.

रतनने तो कागद हातात घेतला, वाचला. पोरं गेल्यापासून तो त्यांची नावं घेत नव्हता, कधीच नाही.

"नावं काढ," तो म्हणाला.

"का? त्यांचंच हाये हे."

"मला वाड्यावस्त्यांवर भाडं घेऊन जावं लागतं, दीपा. दर दवाखान्याच्या भिंतीवर मला ती दिसतील. मी कसा गाडी चालवू?"

ती त्याच्याशी भांडली. दोन दिवस ती दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. मग तिने त्याचं तोंड नीट बघितलं, त्या तोंडावर किती वर्षं गेली होती ते बघितलं, आणि नावं काढली. 'एका मुलाला' आणि 'एका मुलीला' असं केलं. कागद ठिकठिकाणी गेले. ते वाचून वरच्या वाड्यांतल्या बायका कधीमधी तापाचं पोर कडेवर घेऊन दुकानात येतात. धनगराच्या कमळाबाई तर नातवाला घेऊन उतारावरून तडक चालत आल्या होत्या. साधा ताप होता. बहुतेक वेळा साधाच असतो. दीपमाला शटर अर्धं ओढून त्यांच्याबरोबर शेटे डॉक्टरांकडे जाते आणि पोर हसून बोलेपर्यंत तिथून हलत नाही.

अक्काबाई गेल्या साली गेली. शेवटपर्यंत तिने गाठीचंच धरून ठेवलं होतं.

या जूनमध्ये सम्राटचं नाव पहिलीत घातलं. दाखल्याच्या प्रती काढायला माया त्याला घेऊन दुकानात आली. पोरगं टेबलाला टेकून उभं होतं, तसबिरींखालचे दोन फोटो बघत होतं. घरात ऐकलेलं त्याला सगळं माहीत होतं, पोरांना असतं तसं.

"आत्या, अभिदादा माझ्यापेक्षा मोठा ना?"

माया त्याला मागे ओढायला लागली. दीपमालाने हाताने तिला थांबवलं. फोटोतलं पोरगं आणि समोरचं पोरगं तिने दोन्ही बघितली.

"व्हता," ती म्हणाली. "आता तू मोठा."

"मग मी त्याचा दादा?"

"व्हय."

त्याला ते पटलं. तो बाहेर पायरीवर जाऊन येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या बघत बसला. दीपमालाने दाखल्याच्या प्रती काढल्या, नीट जुळवल्या, मायाच्या हातात दिल्या. मायाचे डोळे भरले होते. "गोळ्या देतीस ना येळंवर?" दीपमालाने विचारलं. माया म्हणाली, "देते." बाहेर सम्राट कुणाला तरी आपलं नाव सांगत होता, बापाचं सांगत होता, गावाचं सांगत होता, मोठ्याने, एकही शब्द न अडखळता. दीपमाला ते ऐकत उभी राहिली, आणि त्याचं बोलणं संपू नये असं तिला वाटत होतं, आणि ते ऐकवतही नव्हतं.